स्थलांतराचं चित्र पाठमोरंच का?

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, टाळेबंदीत, मुंबई-आग्रा महामार्गावरून धुळे, शिरपूर ओलांडून सेंधव्याकडे निघालेल्या माणसांची चित्रं त्या वर्षी खूप निघाली. नामवंतांनी काढली, कला महाविद्यालयांतल्या मुलांनी काढली, शाळकरी पोरांनी ऑनलाइन स्पर्धांसाठी काढली. त्यातली बहुतेक एकाच साच्यातली होती. लांब जाणारा रस्ता, मावळतीचा तांबडा प्रकाश, डोक्यावर गाठोडं, कडेवर मूल आणि सगळी माणसं पाठमोरी. काढणाऱ्यांच्या मनात कळवळा होता, याबद्दल शंका नाही. पण पाठमोऱ्या माणसाला चेहरा नसतो. तो कुठल्या गावचा, काय काम करत होता, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली होती, मुकादमाकडे किती मजुरी अडकली, यातलं काहीच त्या चित्रात येत नाही. बघणाऱ्याला वाईट वाटतं आणि तो पुढं जातो.

खानदेशातून दरवर्षी माणसं बाहेर जातात. अशा मुलखात स्थलांतराचं चित्र जाणाऱ्याच्याच हातून उतरलं पाहिजे, तपशिलासकट उतरलं पाहिजे आणि सार्वजनिक भिंतीवर, सार्वजनिक पैशातून उतरलं पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे. भिंती रंगवण्यावर पैसा खर्च होतच असतो. तो कशावर होतो, एवढाच प्रश्न आहे.

आधी हे समजून घ्यायला हवं की इथलं स्थलांतर एका प्रकारचं नाही. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर, साक्री या पट्ट्यातली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे बारडोली-सुरतकडच्या उसाला जातात, काही पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात. होळीला जमेल तसे येतात आणि हंगाम संपला की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, परततात. दुसरं स्थलांतर भुसावळ-सुरत रेल्वेमार्गानं गेलेलं. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत जळगाव-धुळ्याकडची माणसं यंत्रमागावर, कापड बाजारात, भरतकामाच्या यंत्रांवर कामाला लागली आणि पिढ्या तिथंच रुजल्या. तिसरं स्थलांतर धरणाचं. सरदार सरोवराच्या पाण्यानं अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या ३३ गावांना बाधा पोचली, मणिबेली त्यातलं अगदी पुढचं. तिथली माणसं तळोद्याकडच्या वसाहतींत आली.

या तिघांचं चित्र एकसारखं निघूच शकत नाही. ऊसतोड्याचं जाणं दरसाल त्याच जागी येऊन मिटतं आणि पुन्हा सुरू होतं. सुरतवाल्याची ये-जा लग्न, मयत आणि सणाला धरून चालते. नर्मदाकाठच्या माणसाला परत जाण्याची सोय नाही, कारण गाव पाण्याखाली आहे. तिन्हीकडे एकच गाठोडं काढणाऱ्याला विषय कळलेला नसतो.

हे काम नीट कसं होतं, याचा एक पक्का नमुना अमेरिकेत आहे. जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय चित्रकारानं १९४०-४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, दक्षिणेतून उत्तरेकडच्या शहरांत गेलेल्या आपल्या लोकांवर ६० चित्रांची मालिका केली. त्याचे आईवडील त्याच लोंढ्यातले. त्यानं सुरुवात ग्रंथालयात बसून वाचनापासून केली आणि आधी ६० चित्रांखालच्या ओळी लिहून काढल्या. मग साधारण १२ बाय १८ इंचांचे हार्डबोर्डचे तुकडे घेतले आणि त्यांवर पांढऱ्या अस्तराचा हात दिला. अस्तराच्या कामात पुढं त्याची पत्नी झालेली ग्वेंडोलिन नाइट मदतीला होती. दुधातल्या केसिनमध्ये कालवलेले रंग वापरले. एक चित्र संपवून दुसऱ्याला हात घालायचा, असं त्यानं केलं नाही. सगळे बोर्ड मांडले आणि एकेक रंग घेऊन तो जिथं-जिथं लागणार तिथं लावत गेला, गडद आधी आणि फिकट नंतर. म्हणून पहिल्या चित्रातला पिवळा आणि शेवटच्या चित्रातला पिवळा एकच राहिला आणि ६० तुकड्यांची एक गोष्ट झाली.

पण त्याहून महत्त्वाचं आहे ते त्यानं काय काढलं ते. कापसाची बोंडं पोखरणारा सोंडकिडा काढला. मजूर गोळा करायला आलेले दलाल काढले. पूर, घरून आलेलं पत्र, उत्तरेतली दाटीवाटीची घरं, तिथले दंगे आणि मतदानाची रांगही काढली. कारण, प्रवास, पोचल्यावरचं जगणं, सगळं आलं. बोंडअळीनं पीक गेलेल्या कापूसपट्ट्यातल्या वाचकाला सोंडकिड्याचं चित्र वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. ती मालिका आज दोन संग्रहालयांत निम्मी-निम्मी आहे. विषम क्रमांक वॉशिंग्टनच्या फिलिप्स संग्रहात आणि सम क्रमांक न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या भुरीबाई भोपाळला भारत भवन या कलाकेंद्राच्या बांधकामावर मजुरीला होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग दिले. घराच्या भिंतीवर माती-गेरूनं काढणारा हात कागदावर आला. पुढं त्यांनी स्वतःचं आयुष्य, गाव सोडून मजुरीला येणं धरून, भोपाळच्या जनजातीय संग्रहालयाच्या भिंतीवर रंगवलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. झाबुआ नर्मदेपलीकडे, आपल्या सातपुड्यापासून लांब नाही, आणि भिल्ल समाज दोन्ही बाजूंना आहे. तोच हात धडगावात, शिरपूरच्या डोंगरपट्टीतही आहे. त्याला कागद आणि रोजमजुरी देणारं कुणी नाही, हाच फरक आहे.

आता आपल्या भिंतींकडे बघा. जिल्हा परिषदेच्या शाळांवर ‘बोलक्या भिंती’ असतात. बाराखडी, फळं, पाढे, राष्ट्रपुरुष. बसस्थानकावर, कचेऱ्यांच्या कुंपणावर स्वच्छतेचे संदेश आणि ‘आदिवासी कला’ म्हणून सरसकट वारलीतली माणसं. वारली ही डहाणू-पालघरकडची. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरांच्या भिंतीवर ती आणून बसवायची आणि तिलाच स्थानिक म्हणायचं, हा इथल्या माणसांवर अन्याय आहे. जळगावकडे अजिंठ्याचा आधार घेतात, तो रास्त आहे, पण तिथूनही बहुधा पद्मपाणीच उचलला जातो. त्याच अजिंठ्यात दुसऱ्या लेण्यात व्यापाऱ्यांचं शिडाचं जहाज आहे. सतराव्या लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची गलबतं फुटल्याची आणि लंकेला लागल्याची कथा आहे. पहिल्या लेण्याच्या छतावर उंच टोप्या घातलेले परदेशी आहेत. रंगसुद्धा तसेच. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती हे जवळपासचे, पण निळा लाजवर्द थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडून आलेला. घर सोडून गेलेला आणि दुरून आलेला माणूस हा दीड हजार वर्षांपूर्वी भिंतीवर काढण्याजोगा विषय होता. आपण तो गाळला.

तपशील म्हणजे काय, ते ऊसतोडीवरून सांगतो. ऊस जमिनीलगत बुडाशी तोडतात, वर ठेवून तोडला तर ओरड होते. मग पाचट सोलायचं, शेंड्याचं वाढं छाटायचं आणि त्याच वाढ्यानं मोळी आवळायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. पावसानं किंवा दवानं ती फळी निसरडी झाली की सगळ्यात जास्त भीती तिथंच. गाडी रात्री दोनला आली तरी भरावी लागते. हिशेबाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, पण चित्रात दोन माणसं दिसली पाहिजेत, कोण तोडतं आणि कोण बांधतं हे कळलं पाहिजे. पडावावरची कोपी बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाची, बुटकी, दारातून वाकून जाण्याची. बाहेर तीन दगडांची चूल. धाकट्याला सांभाळणारी सात-आठ वर्षांची बहीण, जी या वेळी शाळेत असायला हवी होती. हे ज्यानं केलंय तो न विचारता काढतो. ज्यानं नुसतं ऐकलंय तो उसाला मक्याची पानं काढतो, कोयत्याचा विळा करतो आणि पावरा बाईला नऊवारी नेसवतो.

सुरतच्या चित्रात दुःखापेक्षा जागा महत्त्वाची. एका खोलीत पाळीनं झोपणारी माणसं, दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीवाला. मागाचा आवाज रेषेनं कसा दाखवायचा, हा चित्रकाराचा खरा कस. आणि श्रावणातला कानबाई या देवीचा उत्सव. नागपंचमीनंतरच्या रविवारी चौरंगावर नारळाची स्थापना, त्याला नथ आणि दागिने, रोटांचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. हे जसं अमळनेर-चोपड्यात होतं तसं लिंबायतच्या गल्लीतही होतं. परक्या गावात माणूस काय गमावतो याची चित्रं पुष्कळ निघतात. तो तिथं काय उभं करतो याची फारच थोडी निघतात, आणि आमच्या मते तीच जास्त गरजेची आहेत. सुरतेत जन्मलेल्या मुलाला आपलं गाव ओळखता यायचं असेल तर ते कानबाईच्या चित्रातून लवकर येईल.

नर्मदाकाठच्या माणसांसाठी पद्धत वेगळी लागते. तिथं आठवणीचा नकाशा करावा. आधी कागद नको. अंगणात राखेनं किंवा रांगोळीनं नदी ओढायची, कारण सगळे नदीवरूनच जागा सांगतात. मग ओढे, मग पाडे, मग घरं खड्यांनी मांडायची, महू (मोह) आणि ताड कुठं होते ते फांदी खोचून दाखवायचं. म्हातारी माणसं आपसात वाद घालतात, खडे उचलून हलवतात. हा वाद होऊ द्यावा, नकाशा त्यातूनच बरोबर होतो. नंतर तो कागदावर उतरवायचा. शेजारी वसाहतीचा नकाशा ठेवला की सांगण्यासारखं सगळं दिसतं. डोंगरात प्रत्येकाचं घर आपापल्या शेताजवळ, टेकाडावर सुटं सुटं. वसाहतीत आखीव प्लॉट, एका रांगेत, दार दाराला लागून.

साधनांबद्दल थोडं सविस्तर, कारण चांगला बेत इथंच फसतो. फिरतीवरच्या माणसांसाठी चौकटीतलं चित्र निरुपयोगी. त्याला गुंडाळी हवी. बंगालच्या मेदिनीपूरचे पटुआ, म्हणजे पट रंगवणारे चित्रकार, कागदाचे ताव जोडून पाठीमागं जुन्या साडीचं कापड लावतात आणि पट उलगडत गाणं म्हणतात. त्सुनामीसारखे ताजे विषयही त्यांनी पटात घेतले. तोच आकार इथं चालेल. १५० ते २०० जीएसएमचा कार्ट्रिज कागद घ्यावा. सुती लुगडं धुऊन त्यातली खळ पूर्ण काढावी, नाहीतर कागदाला फुगे येतात. चिकटवायला मैद्याची खळ, त्यात पुस्तकं बांधणारे टाकतात तसं चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, ते मोठ्यांनीच घालावं आणि मुलांचे हात त्या खळीत जाऊ देऊ नयेत.

रंग गेरू, पिवळी माती, काजळी आणि खडूची पूड. वस्त्रगाळ केल्याशिवाय वापरू नयेत, खर राहिली तर ब्रश कागद खरवडतो. बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळायचा. डिंक कमी पडला तर वाळलेला रंग अंगठ्याला लागतो. जास्त झाला तर रंग चकाकतो आणि गुंडाळताना तडकून खपल्या पडतात. म्हणून आधी एका पट्टीवर लावून वाळवावं, अंगठ्यानं घासावं, मग काठीभोवती गुंडाळून बघावं. रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावं, आत ठेवली तर थर दबून सुटतो. डिंकाच्या पाण्याला दोन दिवसांत वास येतो. थोडं लवंगेचं तेल घातलं तर टिकतं, पण रोजचं रोज करणं उत्तम.

भिंतीचं गणित निराळं. नवं प्लास्टर किमान २८ दिवस सुकल्याशिवाय त्यावर रंग चढवू नये. आतलं पाणी बाहेर येताना क्षार आणतं, लोणा फुटतो आणि चित्र फुगून पडतं. जुन्या चुन्याच्या भिंतीवर थेट अॅक्रिलिक मारणं ही सर्रास होणारी चूक. चुन्याची भुकटी सुटली की तिच्यासकट रंगाचा पापुद्रा उतरतो. तारेच्या ब्रशनं खरवडून, धुऊन, वाळवून, प्रायमर देऊनच पुढं जावं. जमिनीपासून दीड-दोन फुटांत चित्र नको, तिथं ओल चढते आणि पावसाचे शिंतोडे बसतात. बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग एका लिटरमध्ये दोन हात धरून साधारण ५० ते ६० चौरस फूट जातो, म्हणजे १० बाय ३० फुटांच्या भिंतीवरच्या पायाच्या थरालाच पाच-सहा लिटर लागतात. अंदाजपत्रकात पाया विसरतात आणि मग पेंटर रंगात पाणी वाढवतो. भडक गुलाबी आणि नारिंगी रंग भुसावळ-जळगावच्या उन्हात आधी उडतात, मातीचे ऑक्साइड रंग टिकतात. चुन्यात निळा हवा असेल तर कपड्यांची नीळ तग धरते. तापलेल्या भिंतीवर ब्रश ओढला की रंग जागीच सुकतो, धड पसरत नाही, धड धरत नाही. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत आणि भिंत निवल्यावरच काम करावं.

चित्र भिंतीवर चढण्याआधी कच्चा आराखडा कामावरून परतलेल्यांसमोर मांडावा. अलिराजपूर-छोटा उदेपूरकडे घराच्या भिंतीवर पिठोरा हे विधीचं चित्र लिहिलं जातं तेव्हा बडवा, म्हणजे समाजाचा भगत, ते वाचून बघतो. चित्र बरोबर आहे की नाही हे समाजानं तपासायचं, ही रीत तिथं जिवंत आहे. त्या पिठोऱ्यात आगगाडी आणि विमानसुद्धा येतं, त्यामुळं आदिवासी चित्रात नवं जग नको म्हणणाऱ्यांनी ते जरूर पाहावं. मात्र पिठोरा हा नवसाचा विधी आहे. त्याची नक्कल बसस्थानकावर काढू नये. घ्यायची ती तपासण्याची रीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की माणसांना मजुरी, रेशन, शाळा हवी आणि तुम्ही रंग वाटता. आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तर पैशात द्यायला हवं. चित्र काढणाऱ्याला ऊसतोडीच्या रोजापेक्षा कमी देऊ नये. हौस म्हणून, प्रमाणपत्रावर, फुकट काढून घेऊ नये. ठेकेदाराच्या पेंटरला चौरस फुटाचा दर मिळतो, तोच दर यांना. मुलांची हंगामी वसतिगृहं, शिक्षण हमी कार्ड या योजना कागदावर आहेत. त्या कुठं पोचल्या नाहीत हे गावाच्या भिंतीवर चित्रात आलं तर ग्रामसभेत तो विषय टाळणं अवघड होतं. म्हणून चित्र रेशनच्या आड येत नाही, मागणीला आधारच देतं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. मुकादमाचं, उचलीचं, मारहाणीचं चित्र काढणाऱ्याला पुढच्या हंगामात काम मिळेल का? इथं उत्साह आवरावा. कारखान्याचं नाव, गाडीचा नंबर, ओळखू येईल असा चेहरा, मुलांचे चेहरे भिंतीवर नकोत. सही करायची की नाही हे काढणाऱ्यानं ठरवावं, संस्थेनं नाही. फोटो काढायला पाहुणे आले तरी कलाकाराला भिंतीपुढं उभं करू नये.

ओळी मात्र हव्यातच, लॉरेन्सनं लिहिल्या तशा, साध्या आणि माहितीच्या. त्या पावरी, भिल्ली किंवा अहिराणीत असाव्यात, खाली मराठी, आणि सुरतेच्या बाजूला लागणार असतील तर गुजरातीही.

शेवटची अडचण वेळेची, आणि ती सुटली नाही तर वरचं सगळं वाया जातं. भिंतीला सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि नेमकी तेव्हाच माणसं उसात असतात. ती होळीला येतात, आणि त्याच सुमारास ३१ मार्चच्या आत निधी संपवण्याची घाई असते, म्हणून काम ठेकेदाराला जातं आणि पुन्हा वारलीतली माणसं उमटतात. यातून वाट आहे. उघड्या कुंपणाचा हट्ट सोडून शाळेचा व्हरांडा, बसस्थानकाची आतली भिंत, ग्रामपंचायतीची ओसरी घ्यावी. तिथं ऊन थेट पडत नाही, पाऊस लागत नाही, त्यामुळं मे-जूनमध्येही काम होतं आणि रंगही जास्त वर्षं टिकतात. नंदुरबार, धुळे आणि जळगाव या तिन्ही जिल्हा नियोजन समित्यांनी शाळांच्या रंगकामातला काही वाटा राखून ठेवावा आणि कामाचा आदेश मार्चअखेर न काढता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काढावा. आखाजीला माणसं घरी असतात. पट तेव्हा होतील, आणि शाळा उघडायच्या आत भिंतीवर चढतील.